घर वाढवण्यासाठीचं कर्ज हे गृहकर्जच आहे : पुण्यातल्या बँका आणि गृहवित्त संस्थांना खुलं पत्र

प्रति,
कर्ज विभागप्रमुख,
पुणे शहर आणि परिसरातल्या सर्व सरकारी, खासगी व सहकारी बँका आणि गृहवित्त संस्था

विषय : राहत्या घरावर मजला चढवण्यासाठी किंवा खोल्या वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कर्जाबाबत

सविनय नमस्कार,

गेल्या आठवड्यात मला एका गृहवित्त संस्थेचं दोन ओळींचं उत्तर आलं. माझं म्हणणं साधं होतं. आम्ही घेतलेलं कर्ज राहत्या घराचा वरचा मजला बांधायला घेतलं, पालिकेने मंजूर केलेला नकाशा आहे, खर्चाचा पै न् पै हिशेब आहे, तेव्हा या कर्जाला गृहकर्जाचा दर लावा. उत्तर आलं : 'आपले कर्ज मालमत्ता तारण कर्ज या प्रकारात मंजूर झाले असून प्रकारात बदल करता येणार नाही.' का करता येणार नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

त्या संस्थेचं नाव मी इथे घेत नाही. तिच्याविरुद्धची तक्रार मी ठरलेल्या मार्गाने करते आहे, गरज पडली तर गृहवित्त संस्थांच्या तक्रारी ऐकणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेपर्यंत नेणार आहे. पण हा प्रश्न एका संस्थेचा नाही. कर्वेनगर, धनकवडी, सहकारनगर, विश्रांतवाडी अशा भागांत अजून बैठी घरं शिल्लक आहेत. तिथे ज्यांनी ज्यांनी वरती दोन खोल्या काढायचं मनावर घेतलं, त्यांच्याशी बोलून बघा. बहुतेकांना तुमच्याकडून हेच ऐकायला मिळालंय : 'एक्स्टेन्शन बसत नाही, एलएपी करून घ्या.' एलएपी म्हणजे हेच मालमत्ता तारण कर्ज. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

आमचं घर सासऱ्यांनी १९८६ साली बांधलं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली. पुढेमागे मुलं वर बांधतील म्हणून त्यांनी गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या आणि त्यांना सिमेंटचा गिलावा करून ठेवला होता. पुण्यातल्या जुन्या घरांच्या गच्चीवर अशा सळया तुम्हाला कितीतरी ठिकाणी दिसतील. त्या पिढीने घर एकदाच बांधलं नाही, पैसा येईल तसं बांधायचं ठरवून ठेवलं. आता सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही, रात्री हॉलमधून बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. त्यांना खालची खोली लागूनच असलेल्या संडास-बाथरूमसह द्यायची आणि आम्ही वर जायचं, एवढाच विचार होता. मुलगी बारावीला, तिची अभ्यासाची जागा स्वयंपाकघरातलं टेबल.

आम्ही कोणतीही गोष्ट चोरून केली नाही. आर्किटेक्ट नेमला, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जुन्या कॉलमची तपासणी करून घेतली, गंजलेल्या सळयांच्या जागी नव्या बसवायला लागल्या त्याचाही खर्च धरला. पालिकेचं विकास शुल्क भरलं, नकाशा मंजूर करून घेतला. मग अंदाजपत्रक घेऊन कर्जासाठी गेलो. पंधरा लाख हवे होते. घराची किंमत संस्थेच्याच मूल्यांकनकाराने जमिनीसह एक कोटीच्या वर काढली.

'आधी स्वतःचा हिस्सा घाला, काम सुरू झालेलं दिसू द्या,' असं आम्हाला सांगण्यात आलं. ते योग्यच आहे, स्वतःचे पैसे न घालता दुसऱ्याचे मागू नयेत. आम्ही फंडातले पैसे काढले, काम सुरू केलं. कॉलम उभे राहिले. आणि मग, घर अर्धवट उघडं पडल्यावर, कळवण्यात आलं की गृहकर्जात हे बसणार नाही, घर तारण ठेवून साधं कर्ज मिळेल, दर अकरा टक्के. त्या वेळी त्याच संस्थेचा नव्या फ्लॅटसाठीचा दर साडेआठ होता.

काम सुरू होण्याआधी हे सांगितलं असतं तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. काम अर्ध्यावर असताना माणसाकडे 'नाही' म्हणायची सोय उरत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, दराच्याही आधीची.

आता दर. पंधरा लाख रुपये, दहा वर्षांची मुदत. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता १८,५९८ रुपये येतो. अकरा टक्क्यांनी २०,६६३. फरक महिन्याला २,०६५ रुपये, दहा वर्षांत जवळपास अडीच लाख. आमच्या अंदाजपत्रकात वरच्या मजल्याची फरशी, खिडक्या आणि सगळं प्लंबिंग मिळून याच्या आसपास रक्कम आहे. म्हणजे कागदावर एक शब्द वेगळा लिहिल्याने एका नोकरदार कुटुंबाचं घराचं अर्धं फिनिशिंग व्याजात जातं.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. मी एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळते, जोखीम आणि दर यांचा संबंध मला समजतो. मालमत्ता तारण कर्जाचा पैसा कुठे जातो ते देणाऱ्याला कळत नाही, म्हणून दर जास्त, असं तुम्ही सांगता. ज्याने पैसा धंद्यात घातला, लग्नात घातला, शेअर बाजारात घातला, त्याच्या बाबतीत ते खरं असेल. पण आमचा पैसा कुठे जाणार ते तुम्हाला विटेपर्यंत ठाऊक होतं. नकाशा तुमच्या फाइलमध्ये, अंदाजपत्रक तुमच्या फाइलमध्ये, तुमचा इंजिनिअर गच्चीवर उभा राहून फोटो काढून गेलेला.

आणि जोखमीचंच बोलायचं तर, तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. फ्लॅट घेणाऱ्याला तुम्ही तशी देताही. आमचं कर्ज घराच्या किमतीच्या १५ टक्केही नाही. शिवाय ते घर आमचं चाळीस वर्षांचं आहे, म्हातारं माणूस त्यात राहतं, ते सोडून आम्ही कुठे जाणार? या दोघांत तुमचा पैसा कुणाकडे जास्त सुरक्षित आहे, याचा विचार तुमच्याच हिशेबाने करा.

नियमही तुमच्या उत्तराला आधार देत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये गृहवित्त संस्थांसाठी जी चौकट आखली, तिच्यात व्यक्तींना असलेल्या घराचं नूतनीकरण किंवा पुनर्बांधणी करायला दिलेलं कर्ज गृहवित्तातच मोजलं आहे. घर तारण ठेवून दिलेलं कर्ज बिगर-गृहकर्ज ठरतं ते घर घेणं, बांधणं किंवा नूतनीकरण याखेरीज दुसऱ्या कारणासाठी दिलं असेल तेव्हा. बँकांच्या आकडेवारीसाठी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या व्याख्या ठरवल्या, त्यांतही स्थावर मालमत्ता उभी करण्यासाठीचं आणि तिच्यात वाढ करण्यासाठीचं कर्ज एकाच गटात ठेवलंय. नियम करणाऱ्याने घर बांधणारा आणि घर वाढवणारा यांच्यात भिंत घातलेली नाही. ती तुमच्या शाखांमध्ये घातली जाते.

का घातली जाते, याचं उत्तर मला एका शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे दिलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. तो म्हणाला, 'मॅडम, फ्लॅटची केस दोन सह्यांत होते, तुमच्या केसला तेवढ्याच पैशांत पाचपट काम आहे.'

खरं आहे. फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला तुमच्याकडे जी वागणूक मिळते, ती आम्ही पाहिली आहे. बाणेरला, हिंजवडीला, सिंहगड रोडला बिल्डरच्या विक्री कार्यालयातच तुमचं टेबल असतं. प्रकल्पाचे कागद तुम्ही आधीच तपासून ठेवलेले असतात, ग्राहकाने फक्त पगाराच्या स्लिपा द्यायच्या. पाडव्याला, दसऱ्याला प्रक्रिया शुल्क माफ होतं. तुमचा माणूस संध्याकाळी घरी येऊन सह्या घेऊन जातो. चांगलं आहे, कुणाला त्रास न होता घर मिळत असेल तर आनंदच आहे. पण ज्या माणसाकडे घर आहे, जो आहे त्याच जागेत आणखी दोन खोल्या काढू पाहतो, नवी जमीन मागत नाही, त्याच्यासाठी तुमच्याकडे वेळ नाही. त्याला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वारस नोंद, प्रॉपर्टी कार्ड, एनए म्हणजे बिनशेती ऑर्डर, जुन्या घराचा पूर्णत्वाचा दाखला, हे सगळं एकेक करून मागितलं जातं. एक कागद दिला की मगच दुसऱ्याचं नाव कळतं. संपूर्ण यादी पहिल्या भेटीत छापून हातात द्यायला काय हरकत आहे?

एका ठिकाणी तर 'बिल्डरला देऊन टाका, दोन फ्लॅट मिळतील,' असाही सल्ला मिळाला. पुनर्विकास कुणाला करायचा असेल तर त्याने जरूर करावा. पण कर्ज मागायला आलेल्या माणसाला घर सोडायचा सल्ला देणं हे तुमचं काम नाही.

स्लॅबच्या वेळी काय झालं ते सांगते, कारण पैसे उशिरा येणं म्हणजे काय हे शाखेच्या टेबलावरून दिसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये कर्ज मंजूर झालं, करारावर सह्या झाल्या. इकडे सेंट्रिंग लागलं, सळई बांधून झाली, विजेच्या नळ्या टाकून झाल्या. स्लॅब भरायचा म्हणजे काँक्रीटची गाडी, पंप, माणसं, सगळे एकाच दिवशी लागतात आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. धनादेश तयार होता, पण मुख्य कार्यालयातून मूळ खरेदीखत मिळाल्याची पोच आल्याशिवाय हातात देता येणार नाही, असं सांगत शाखेने तो ठेवून घेतला. मिस्त्री रोज म्हणायचा, 'ताई, प्लेटांचं भाडं चढतंय.' त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. ताडपत्री टाकली तरी पाणी प्लेटांवर साचायचं, बाजूंनी खाली गळायचं, सासूबाईंच्या पलंगाची जागा बदलायला लागली. बांधून ठेवलेल्या सळईवर तांबूस थर चढला, तो वायर ब्रशने घासून काढावा लागला. शेवटी मी बांगड्या एका पतसंस्थेत ठेवून स्लॅब भरून घेतला. धनादेश त्यानंतर आला. आणि पहिलं स्टेटमेंट पाहिलं तेव्हा व्याज धनादेशावरच्या तारखेपासून लावलेलं होतं. पंधरा लाखांवर अकरा टक्क्यांनी महिन्याचं व्याज १३,७५० रुपये होतं. पैसा तुमच्या कपाटात असतानाच्या काळाचं व्याज आम्ही भरलं, आणि त्याच काळात पतसंस्थेचं वेगळं.

रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नेमकी हीच पद्धत चुकीची ठरवली आहे. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं, धनादेशावरची तारीख धरून व्याज लावून धनादेश मात्र पुष्कळ दिवसांनी देणं, हे अन्याय्य आहे, असं व्याज परत करा आणि धनादेशाऐवजी थेट खात्यात पैसे जमा करण्याचा मार्ग वापरा, असं त्यात म्हटलंय. आमचा धनादेश या परिपत्रकानंतर वर्षभराने कपाटात पडून होता.

यातच दुसरी अडचण आहे. मालमत्ता तारण कर्ज एकरकमी मिळतं. आमचं काम पुढे कित्येक महिने चाललं. वीटकाम, प्लास्टर, फरशी, रंग, प्रत्येकाला पैसे टप्प्याटप्प्याने लागले. पण व्याज पहिल्या दिवसापासून पूर्ण पंधरा लाखांवर. नव्या बांधकामाच्या गृहकर्जात जेवढी रक्कम दिली तेवढ्यावरच व्याज लागतं, हे तुम्हीच जाहिरातीत सांगता. घर वाढवणाऱ्याला ते का नाही?

फॉर्मबद्दल थोडं. आमच्या अर्जात 'कर्जाचा उद्देश' या रकान्यात 'व्यवसायवाढ' असं आधीच टाइप केलेलं होतं. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरदार, घरात कुठलाही व्यवसाय नाही. मी सही करायच्या आधी ते खोडायला लावलं आणि 'राहत्या घराचे वाढीव बांधकाम' असं हाताने लिहून घेतलं. त्यावर बरीच कुरकुर झाली. हा तपशील किरकोळ वाटेल, पण तसा नाही. व्यक्तीने व्यवसायाखेरीज इतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दलचे नियम एकत्र आणून १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी ते आणखी स्पष्ट केले. त्याआधीच्या, आमच्यासारख्या कर्जांत रकान्यात 'व्यवसाय' लिहिलं की कर्जदाराच्या या हक्कावरच घाला येतो, आणि बोनस आल्यावर कर्ज लवकर फेडू पाहणाऱ्या माणसाला ते तेव्हा कळतं. ज्यांनी वाचून पाहिलं नसेल, त्यांनी या पत्राच्या निमित्ताने आपापला अर्ज काढून तो रकाना पाहावा.

विम्याचंही तसंच. कर्जसुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता कर्जाच्या रकमेतच घालून दाखवला गेला आणि 'हा घ्यावाच लागतो' असं तोंडी सांगितलं गेलं. लेखी द्या म्हटल्यावर तो ऐच्छिक झाला. कर्त्या माणसाचा विमा असावा हे मलाही पटतं, आमचे स्वतंत्र विमे आहेतच. पण सक्ती नसलेली गोष्ट सक्तीची म्हणून सांगायची, तिच्यावर दहा वर्षं व्याजही घ्यायचं, हे विश्वासाच्या व्यवहारात बसत नाही.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, फेब्रुवारी २०२५ च्या आधी ६.५० टक्के होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ वर आला. व्यापारी बँकांनी ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेली बदलत्या दराची किरकोळ कर्जं बाहेरच्या दराशी जोडलेली असतात, तिथे ही घट हप्त्यात किंवा मुदतीत दिसली. आमच्या शेजाऱ्यांना बँकेतून तसं पत्र आलं. गृहवित्त संस्थांवर ते बंधन नाही, त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो. कर्ज मंजूर झाल्यानंतर रेपो पाऊण टक्क्याने उतरला, आमचा दर जागचा हलला नाही. ज्या दिवशी रेपो चढतो, त्या दिवशी मात्र दरवाढीचा संदेश यायला वेळ लागत नाही, हे २०२२ मध्ये सगळ्यांनी अनुभवलं आहे. नियमाचं बंधन नसलं तरी हिशेबाचं बंधन असावं.

माझ्या नणंदेची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची आहे. ती धायरीत राहते, २०१७ मध्ये पालिकेत आलेल्या भागात. जागा गुंठेवारीची, घराचा मंजूर नकाशा नाही. तिला एक खोली वाढवायची होती. अर्ज दाखल करायची लॉगिन फी घेतली, वकिलाची फी घेतली, मूल्यांकनाची फी घेतली, आणि मग मंजूर नकाशा नाही म्हणून अर्ज नाकारला. नकाशा नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नियमाबाहेरच्या बांधकामाला कर्ज द्या असं मी म्हणणार नाही. पण जे होणार नाही ते ठाऊक असताना तिच्याकडून पैसे का घेतले? २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पालिकेत आली. तिथल्या किती घरांची हीच स्थिती असेल. अशी माणसं तुमच्याकडून परत गेली की खासगी सावकाराकडे जातात.

कागदपत्रं हा शेवटचा मुद्दा, आणि माझ्या घरात सगळ्यात काळजीचा. पंधरा लाखांसाठी आमच्या एक कोटीच्या घराचं मूळ खरेदीखत तुमच्याकडे आहे. हप्ते नव्वद दिवस थकले तर कर्ज बुडीत खात्याकडे जातं, थकीत कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस निघू शकते, आणि ती वरच्या दोन खोल्यांवर नव्हे तर अख्ख्या घरावर निघते. हे आम्ही समजून-उमजून मान्य केलंय. सासूबाईंनीही थरथरत्या हाताने सही केली, कारण घर त्यांच्या नावावर आहे. करार तेवढाच पक्का तुमच्या बाजूनेही हवा. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, उशीर तुमच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद कुठे आणि किती दिवसांत परत मिळतील, कर्जदार मध्येच गेला तर वारसांनी काय करायचं, हेही लेखी सांगायला हवं. आमच्या मंजुरीपत्रात यातली एक ओळ नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. पालिकेचा किंवा पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक असेल, तर राहत्या घराच्या वाढीव बांधकामाचं कर्ज गृहकर्जाच्याच दराने द्या. देणार नसाल तर कारण लेखी द्या, आणि ते अर्जाच्या वेळी द्या, कॉलम उभे राहिल्यावर नव्हे.

२. रक्कम कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. स्लॅबची तारीख कर्जदाराने कळवली की त्याआधी तपासणी करून पैसे थेट खात्यात जमा करा. व्याज पैसे खात्यात पडल्याच्या दिवसापासून, आणि दिलेल्या रकमेवरच.

३. की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर, शुल्क आणि मुख्य अटी एकत्र सांगणारं विवरण, मराठीत द्या. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते द्यायचं आणि समजावून सांगायचं, हे ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना बंधनकारक आहे. आम्हाला ते इंग्रजीत मिळालं. सासूबाई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या, त्यांनी ज्यावर सही केली ते त्यांना वाचता आलं नाही, मी वाचून दाखवलं. ज्यांच्या घरात वाचून दाखवणारं कुणी नाही त्यांचं काय? विवरण मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस असतात, हेही तोंडाने सांगा.

४. विमा वेगळ्या कागदावर, वेगळ्या सहीने, आणि 'ऐच्छिक' हा शब्द ठळक अक्षरांत.

५. लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी पहिल्या भेटीत द्या. प्राथमिक कागद पाहून अर्ज बसणार नाही असं दिसत असेल, तर एकही रुपया घेऊ नका.

६. व्याजाच्या वार्षिक प्रमाणपत्रावर कर्जाचा खरा उद्देश लिहा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या बांधकामाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट आहे, दुरुस्ती-नूतनीकरणाला फक्त ३०,०००. प्रमाणपत्रावर नुसतं 'मालमत्ता तारण कर्ज' छापलं की कर्जदाराला दरवर्षी खुलासे देत बसावं लागतं.

७. ज्यांनी घर वाढवण्यासाठी कर्ज घेतलं आणि ज्यांना मालमत्ता तारणाच्या दराने ते दिलं गेलं, त्यांच्या फाइली पुन्हा उघडा. नकाशा आणि बिलं असतील तर पुढच्या हप्त्यापासून गृहकर्जाचा दर लावा, आणि धनादेश हातात येण्याआधी लावलेलं व्याज परत करा.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. येत्या ३१ मार्चपर्यंत तुमचं वाढीव बांधकामाच्या कर्जाचं धोरण, दर, शुल्क आणि लागणारे कागद मराठीत छापून प्रत्येक शाखेच्या सूचनाफलकावर लावा. ज्या संस्था ते लावतील त्यांची माहिती मी आमच्या भागातल्या घरमालकांना स्वतः देईन. ज्यांना अशा कर्जाचा असाच अनुभव आला असेल, त्यांनी आपली मंजुरीपत्रं आणि पहिलं स्टेटमेंट सांभाळून ठेवावं, आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त संस्थेच्या बाबतीत नॅशनल हाउसिंग बँकेकडे जावं. त्याला पैसे पडत नाहीत.

आपली,
कर्वेनगरमधील एक कर्जदार